पोरगी रात्री झोपत नाही म्हणतेस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. दत्तक घेतलेली पोरगी घरी येऊन महिना होत आला, रात्री चार-चारदा उठते, आणि मोबाइलवर कुणीतरी सांगतंय की आठवडाभर रडू दिलं की बाळ आपोआप झोपायला शिकतं. करू का, म्हणून विचारलंस. नको करूस. आत्ता तर मुळीच नको. ती जिथून आली तसल्या शिशुगृहातल्या रात्री मी नोकरीभर पाहिल्यात, तू पाहिलेल्या नाहीस, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिथे रात्रपाळीला मावश्या मोजक्या आणि पाळणे फार. दूध ठरल्या वेळी, लंगोट बदलायची फेरी ठरल्या वेळी. ट्यूब रात्रभर चालू. एकाने सूर लावला की शेजारचं जागं होतं. मावशी एकाला खांद्यावर घेऊन दुसऱ्याचा पाळणा पायाने हलवत असते, आणि तिसरं वाट बघतं. मावश्या वाईट नसतात गं, पण हात दोनच. त्यातून बाळाच्या मनात एवढंच ठसतं, की आपल्या रडण्याचा आणि कुणी येण्याचा फारसा संबंध नाही. मग काही बाळं रडणंच सोडतात. डोळे टक्क उघडे ठेवून पडून राहतात, डोकं उशापाशी इकडून तिकडे घुसळत, नाहीतर बोटं चोखत. बघायला आलेली माणसं म्हणतात, "किती शहाणं बाळ!"

तुझी लेक पहिले आठ-दहा दिवस अशीच शहाणी होती आणि नंतर रडायला लागली, असं तूच लिहिलंयस. मला त्यात चांगलंच दिसतं. या घरात हाक मारली की माणूस येतं, याचा तिला अंदाज यायला लागलाय. नेमकं आताच दार लोटून घ्यायचं? जन्मापासून एकाच कुशीत वाढलेल्या बाळाला ती रडू द्यायची पद्धत मानवते की नाही, यावर लोकांनी खुशाल वाद घालावा. तुझ्या पोरीला आधी भरवसा बसू दे, झोपेचं वळण मागाहून लावता येतं.

त्यात तिचं वय आठ महिने. या वयात कुठलंही बाळ परकं तोंड दिसलं की भोकाड पसरतं, ओळखीचं माणूस नजरेआड झालं की कासावीस होतं. हिची तर माणसं, वास, आवाज, अंथरूण सगळं एका दुपारीत बदललं.

पहिलं काम, संस्थेत फोन कर आणि ऑफिसशी न बोलता रात्रपाळीच्या मावशीला गाठ. शेवटचं दूध किती वाजता द्यायचे, कुठल्या डब्याचं, थोपटून झोपवायचे की हलवून, पंखा किती असायचा, सगळं विचार. तुमची शाहूपुरीतली खोली दहानंतर चिडीचूप होते. हिला अशी शांतता ठाऊकच नाही. पंख्याची घरघर राहू दे, एक मंद दिवा राहू दे. तिच्याबरोबर आलेलं दुपटं अजून धुतलं नसशील तर इतक्यात धुऊ नकोस. झोपवताना मांडीवर तिच्या हाताशी दे आणि डोळा लागला की काढून ठेव. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात सुटं कापड, उशी, गोधडी काही नको. तुमच्या पलंगाला लागून तिची वेगळी घट्ट गादी, आणि निजवायचं उताणं. झोळीचा मोह आवर, बसायला लागलेलं बाळ तिच्यातून उलटतं.

एवढ्याशा जिवाच्या झोपेचा एक फेरा साधारण तासाभराचा असतो. दर फेऱ्याच्या शेवटी बाळ जरा वर येतं, कुरकुरतं, कूस बदलतं. त्या कुरकुरीला लगेच उचललंस तर तूच तिला जागी करशील. छातीवर हात ठेव, तेच दोन शब्द हळू म्हण, थांब. रडू फुटलं तर मात्र उचलायचंच, रात्रीतून कितीही वेळा. रात्री मोठा दिवा नको, गप्पा नकोत.

दुधाचं म्हणशील तर या वयात रात्री एखादं मागितलं तर बिघडत नाही. वजन बघून कमी कधी करायचं ते डॉक्टर सांगतील. पण बाटली उशीला टेकवून देऊ नकोस. तिथे नाइलाजाने तसं होतं आणि कानही त्यानेच बिघडतात. मांडीवर, डोकं उंच, तुझ्याकडे तोंड. जड झालं की झोपेल म्हणून बाटलीत नाचणी घालायची नाही. पावडरचं माप डब्यावर लिहिलंय तेवढंच.

सासूबाई जायफळ उगाळून देऊ म्हणाल्या असतीलच. जायफळ नको, मध तर वर्षाच्या आत बोटभरही नको, धुरीही नको. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची तर काढू देत, बाळाला त्याचं काही होत नाही आणि त्यांचं मन राहतं. पण निदान दोन-तीन महिने दूध पाजणं, झोपवणं आणि रात्री उठणं तुम्हा दोघांकडेच ठेवा. आजींना खिमट करू दे, आंघोळीचं पाणी बघू दे, संध्याकाळी ओट्यावर बसून खेळवू दे. त्या थोड्या रुसतील. रुसू देत.

रात्री झोपावी म्हणून दुपारची झोप मोडू नकोस. फार दमलेलं बाळ जास्त किरकिरतं. चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दुपारच्या डुलक्या धरून दिवसाला 12 ते 16 तास झोप लागते, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय. तेवढी भरतेय का ते आधी वहीत लिहून बघ. रात्री कान ओढत असेल तर कान दाखव. फार तळमळत असेल तर लोह तपासायला सांग. सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप सरकारी केंद्रातून मिळतं, ते सुरू आहे का तेही विचार.

तू एकटीच उठतेस असं दिसतंय. अहोंना सांग, दोनपर्यंत एक, दोननंतर दुसरा. बाळाला दोघांचे हात ओळखीचे व्हायला हवेत.

आणखी एक. बाळ घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी संस्थेची ताई भेटीला येईल. तेव्हा "सगळं छान आहे" म्हणून हसून वेळ मारून नेऊ नकोस. झोप नाही म्हटलं तर आपल्याला नापास करतील, या भीतीने पुष्कळ आया गप्प बसतात. ती ताई मदतीसाठीच येते. तिला वही दाखव.

बारशाला सांगलीहून नक्की येते. पण जेवणावळ छोटी ठेवा, आणि बारसं सकाळच्या डुलकीनंतर, अकराच्या पुढे.

तुझी,
मावशी