पालकांच्या गटाला राज्याचा कायदा बदलून घेता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातल्या खासगी शाळांच्या पालकांनी मिळून गट केला, फीवाढीविरुद्ध निवेदनं दिली, दसरा चौकातून मोर्चाही काढला. आता एकेका शाळेशी भांडत बसण्यापेक्षा सगळ्या राज्यासाठी कायदाच बदलून घ्यावा असं चाललंय. साध्या पालकांना हे जमतं का, आणि सुरुवात कुठून करायची?

जमतं. मी इथल्याच एका पालक गटात आहे, म्हणून कामाचं तेवढं सांगतो. 'कायदा बदला' एवढंच लिहिलेल्या निवेदनाला पोचशिक्का मिळतो, बाकी काही नाही. पण कुठल्या अधिनियमातली कुठली तरतूद, त्यात आज काय लिहिलंय आणि त्या जागी काय हवं, हे एका पानात मांडून नेलं की आमदाराचा पीएसुद्धा 'बसा' म्हणतो.

त्यासाठी आधी शोधायचं ते हे, की तुमचं दुखणं नक्की कुठल्या कागदात आहे. अधिनियम विधिमंडळ करतं. त्याखालचे नियम सरकार राजपत्रात अधिसूचना काढून करतं. आणि जीआर, म्हणजे शासन निर्णय, विभागाच्या पातळीवर निघतो आणि तसाच मागेही जातो. पहिलीपासून हिंदीचा जीआर १६ एप्रिल २०२५ ला निघाला, जूनमध्ये बदलला आणि २९ जूनला सरकारने दोन्ही जीआर रद्द केल्याचं जाहीर केलं. त्या वेळी पालक, शिक्षक, साहित्यिक, राजकीय पक्ष सगळेच एकाच वेळी उठले होते, हे खरं. पण मुळात तो जीआर होता म्हणून इतक्या झटपट गेला. हे उलट्या बाजूनेही लागू आहे. कोविडच्या काळात १२ ऑगस्ट २०२१ च्या जीआरने फीमध्ये १५ टक्के कपात दिली, तेव्हा आमच्यातल्या कित्येकांनी पेढे वाटले. संस्थाचालक लगेच न्यायालयात गेले आणि बऱ्याच पालकांच्या हातात ती कपात कधी आलीच नाही. त्यामुळे मंत्री 'जीआर काढतो' म्हणाले की टाळ्या वाजवायची घाई करू नका.

पालकांच्या बाजूने लागलेला अलीकडचा मोठा निकाल या कागदांच्या उतरंडीवरच उभा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्याने आपल्या नियमांत बदल केला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला यातून सूट. शहरात एवढ्या अंतरात सरकारी किंवा अनुदानित शाळा नाही अशी खासगी शाळा शोधून दाखवा! राजारामपुरीत किंवा मंगळवार पेठेत तर पाच मिनिटं चाललं की महापालिकेची शाळा येते. म्हणजे २५ टक्के कागदावर राहिले असते. पालक आणि काही संस्था उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती मिळाली, १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द झाला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. मुद्दा साधा होता: संसदेच्या कायद्याने दिलेलं राज्याला नियम करून काढून घेता येत नाही. या लढ्यात मोर्चाची गर्दी फार नव्हती. अधिसूचना शब्दन् शब्द वाचणारी माणसं मात्र होती.

आता तुमचा विषय, फी. यासाठी महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ आहे, तो प्रत्यक्ष लागू झाला डिसेंबर २०१४ पासून. हा कायदा वाईट नाही, आणि हे गटातल्या सगळ्यांना आधी पटवा, कारण निम्म्या पालकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा. त्याच्या कार्यकारी समितीतले पालक सोडतीने निवडायचे, मुख्याध्यापकांनी आपल्या ओळखीतले चार जण बसवायचे नाहीत. फीचा प्रस्ताव व्यवस्थापनाने सहा महिने आधी समितीपुढे ठेवायचा. तुमच्या शाळेत सोडत झाली का? कधी, कुणासमोर? बहुतेक ठिकाणी याचं उत्तर एक कोरा चेहरा असतो. कायदा बदलायला निघण्याआधी हे नक्की विचारा, कारण मंत्रालयात तुम्हाला पहिला प्रश्न हाच येणार: आहे तो कायदा वापरून पाहिलात का?

खरी खोच २०१८-१९ च्या दुरुस्तीत आहे. फीविरुद्ध विभागीय शुल्क नियामक समितीकडे जायचं तर किमान २५ टक्के पालकांनी मिळून जावं लागतं. बाराशे मुलांच्या शाळेत धरा तीनशे सह्या. आता या सह्या गोळा करून बघा. पालकांची यादी शाळा देत नाही. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप शाळेनेच काढलेला, त्यात फक्त ॲडमिनला लिहिता येतं. गेटवर कागद घेऊन उभं राहिलं की माणसं पाठिंबा देतात, चहाही पाजतात, पण पेन हातात घेत नाहीत, कारण पोरगं आत आहे. सहीची यादी उद्या ऑफिसच्या टेबलावर जाईल आणि परवा मुलाला मागच्या बाकावर बसवतील, ही भीती खोटी आहे असं मला तरी म्हणवत नाही. एका माणसाला दाद मागता येऊ नये म्हणून लावलेली ही अट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. 'फी कमी करा' ही मागणी म्हणून फार ढोबळ आहे. 'ही अट काढा आणि कार्यकारी समितीतल्या कुठल्याही एका पालक सदस्याला विभागीय समितीकडे जाता येऊ द्या' ही मागणी दोन ओळींची आहे, तिला पैसा लागत नाही आणि ती राज्यातल्या प्रत्येक खासगी शाळेला लागू पडते.

हे पोचवायचं कसं? इथे एक गोष्ट डोक्यात ठेवा. विधान परिषदेत शिक्षकांसाठी सात मतदारसंघ आहेत. आपल्याकडच्या पुणे विभागाच्या मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर येतात. पालकांसाठी असं काही नाही, आणि संस्थाचालकांना मतदारसंघाची गरजच नाही, त्यातले कितीतरी स्वतःच निवडून आलेले असतात. म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या दहाही आमदारांना एकाच मजकुराचं पत्र द्या, पक्ष बघू नका. भाषण मागू नका. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) किंवा लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी) मागा, आणि तिचा मसुदा तुम्हीच तयार करून द्या. कुणी तयार असेल तर अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्र्याने नाही तर साध्या आमदाराने मांडलेलं. ते मंजूर होण्याची आशा ठेवू नका. पण चर्चेला आलं तर मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर सभागृहाच्या कार्यवाहीत छापून राहतं. पुढच्या वर्षी तोच कागद घेऊन जायचं.

कोल्हापूरला 'सर्वपक्षीय कृती समिती' काय असते हे शिकवायला नको. एन. डी. पाटील सरांसारखी माणसं पुढे होती आणि रस्त्यांचा टोल २०१५ च्या अखेरीस सरकारला गुंडाळावा लागला. पण टोल फक्त आपला होता. फी पुण्याची, नाशिकची, नागपूरचीही आहे, आणि शिवाजी पुतळ्याजवळची गर्दी तिथल्या आमदाराला दिसत नाही. बाकीच्या विभागांतल्या गटांकडून त्याच मजकुराची पत्रं त्यांच्या आमदारांना गेली तरच विषय राज्याचा होतो. पहिलं वर्ष यातच जाईल.

अजून एक, थोडं कडू आहे. तुमच्या गटात महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतले पालक किती? नसतील तर 'सार्वजनिक शिक्षण सुधारणा' हे नाव बॅनरवरून काढा, नुसतं 'फी' ठेवा. हे मी चिडवायला म्हणत नाही. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यांना शाळेचा विकास आराखडा करायचा अधिकार कायद्यानेच आहे, आणि कमी पटाची शाळा बंद होण्याची टांगती तलवार त्यांच्याच डोक्यावर आहे. शाहूवाडी-राधानगरीच्या वाडीवरच्या बाईला तुमच्या फीशी देणंघेणं नाही, तसं तुम्हाला तिच्या पटसंख्येशी नाही, आणि दोघांनाही वेगवेगळं परत पाठवणं मंत्रालयाला सोपं जातं. याच गावात १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. तेव्हा सक्ती पालकांवर होती, आता ती सरकारवर करून घ्यायची आहे. त्यासाठी दोन्ही तऱ्हेचे पालक एका कागदावर लागतात.

न्यायालयाचं म्हणाल, तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथेच आहे, मुंबईच्या फेऱ्या वाचल्या. तरी याचिका शेवटी ठेवा. न्यायालय चुकीचा नियम पाडू शकतं, नवं कलम लिहून देत नाही.

आज करायचं काम: शिक्षणाधिकारी आणि शिक्षण उपसंचालक कार्यालयात १० रुपयांचे माहिती अधिकाराचे अर्ज टाका. किती शाळांनी कार्यकारी समितीची यादी दिली, विभागीय समितीकडे किती तक्रारी आल्या, किती २५ टक्क्यांच्या अटीवर परत गेल्या. उत्तराला तीस दिवस धरा, अपिलाला आणखी. हिवाळी अधिवेशन साधारण डिसेंबरात नागपूरला असतं, तेव्हा आमदारांच्या हातात कागद दिवाळीआधी पडू द्या. दिवाळीनंतर ते भेटतात, फराळही देतात, पण वाचत नाहीत.