ऑफिसच्या वातावरणाचा कर्मचाऱ्यांच्या सर्जनशीलतेवर खरंच परिणाम होतो का?

होतो. आणि बीन बॅग, कॅरम वगैरेंपेक्षा साहेबाच्या कपाळावरच्या आठीचा जास्त होतो.

गोव्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यात मी पॅकिंगला होतो. एका ऑपरेटरने खोके वेगळ्या पद्धतीने रचायचं सुचवलं. टेप वाचली असती. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "तुला पगार डोकं चालवायला देतात काय रे?" त्यानंतर तो ऑपरेटर गप्प झाला, आणि त्याला बघून आम्हीही. दाराशी सूचनापेटी होती म्हणा, पण तिच्यात कदंबा बसची जुनी तिकिटं निघायची.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये नेमकं हेच मांडलं: चूक कबूल केली किंवा खुळा प्रश्न विचारला तरी पाणउतारा होणार नाही, असा भरवसा असलेल्या टीम जास्त शिकतात.

दुसरी गोष्ट वेळेची. थ्रीएम कंपनीत कामाचा १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी वापरायची मुभा आहे. तिथे १९६८ मध्ये स्पेन्सर सिल्व्हर यांच्या हातून धड न चिकटणारा गोंद तयार झाला. पुढे तिथलेच आर्ट फ्राय चर्चमध्ये गायचे, त्यांच्या गाण्यांच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या सारख्या पडायच्या. त्यांना तो गोंद आठवला. १९८० मध्ये पोस्ट-इट, म्हणजे चिकटवून परत काढता येणाऱ्या चिठ्ठ्या, अमेरिकाभर विक्रीला आल्या. म्हणजे फसलेला प्रयोग बारा वर्षं कुणी कचऱ्यात टाकला नाही! आमच्याकडे तो संध्याकाळीच गटारात गेला असता.

नोकरी बदलताय? मग मुलाखतीत एवढंच विचारा: "कामगाराच्या सूचनेवरून तुम्ही शेवटचं काय बदललंत?" उत्तराआधी किती वेळ शांतता पसरते, ते बघा.