सासूबाईंचे हेल्थवाले डबे

अगं, कोरियन सासर म्हणजे छुसॉकला, म्हणजे त्यांच्या सुगीच्या सणाला, लाल जिनसेंगचे (ताकदीसाठी घेतात ती मुळी) पाऊच येणारच, गुपचूप घे आणि थँक्यू म्हण. पण सासूबाई टीव्ही बघून नवीन काही मागवायला लागल्या तर हळूच अडव, कारण तिकडे हेल्थ प्रोग्रॅममध्ये डॉक्टर एखाद्या गोष्टीचे गुण गातो आणि त्याच सुमारास बाजूच्या होम शॉपिंग चॅनलवर तीच विकायला असते, योगायोग कसला डोंबलाचा! बेकसुओ नावाची औषधी मुळी अशीच मेनोपॉजसाठी धडाधड खपली, २०१५ ला तपासलं तर बऱ्याच मालात दुसरीच कुठली स्वस्त मुळी. नंतर नोनी फळाच्या काही पावडरींमध्ये धातूचा चुरा सापडला. डब्यावर सरकारी हेल्थ फूडचा शिक्का नसेल तर ते नुसतं खाणं समज. आणि सासरे रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर जिनसेंगसुद्धा डॉक्टरांना विचारूनच, हे मात्र नवऱ्याला बोलायला लाव, तू नको.