गोळाच का बदलला?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या. मोरीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्याच दिवशी नाशिकला ऑपरेशन करून गोळा बदलला. शेजारच्या काकूंचाही खुबाच मोडला होता, त्यांना मात्र रॉड टाकला. नणंदबाई म्हणतात, पायाला वजन लावून दीड महिना झोपवलं असतं तर हाड आपोआप जुळलं असतं. आम्ही घाई केली का? सासूबाईंना चैत्रात वणीच्या गडावर जायचंय. – एक सून, निफाड

उत्तर : ताई, घाई नाही, तुम्ही योग्य तेच केलंत.

खुब्याची फ्रॅक्चर मुख्यतः दोन जागी होतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा, खाली बारीक मान, त्याखाली जाड भाग. काकूंचं हाड बहुधा जाड भागात मोडलं असेल. तिथे रक्त भरपूर, रॉडनं धरून ठेवलं की जुळतं. सासूबाईंचं मानेतच मोडलं असणार. गोळ्याला रक्त नेणाऱ्या बहुतेक वाहिन्या मानेवरूनच वर जातात. मान मोडून सरकली की त्या तुटतात. मग हाड जुळेलच असं नाही, आणि जुळलं तरी गोळा मरू शकतो. म्हणून या वयात गोळाच बदलतात. गोळा ज्यात फिरतो ती कमरेच्या हाडातली वाटी संधिवातानं झिजलेली असती, तर तीही बदलली असती.

आता झोपवून ठेवण्याचं. सुरगाण्या-पेठेकडून महिनाभर वजन लावून पडलेल्या आज्या आमच्याकडे आणतात, तेव्हा जीव तुटतो. पाठीला जखमा, छातीत न्यूमोनिया, पायाच्या शिरेत गुठळी. माणूस दगावतं ते यानं. म्हणूनच प्रकृती साथ देत असेल तर हे ऑपरेशन ४८ तासांच्या आत करावं, असा आमचा आग्रह असतो. वय जास्त आहे म्हणून थांबू नये.

सध्या मांडी घालणं, उकिडवं बसणं, पायावर पाय टाकणं बंद. कमोड आणि उंच खुर्ची हवीच. ही बंधनं कधी सैल करायची ते तुमचे सर्जन सांगतील. गडावर ट्रॉली आहे, पायऱ्यांची चिंता नाही. पण चैत्रोत्सवाच्या रेटारेटीत नेऊ नका, गर्दी ओसरल्यावर न्या.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. नुसतं घसरून खुबा मोडला, म्हणजे हाडं ठिसूळ झाली आहेत. दुसरा खुबाही तितकाच कच्चा असणार. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी, ड जीवनसत्त्व आणि ठिसूळपणावरची औषधं याबद्दल कुणी बोललं नसेल, तर पुढच्या तपासणीला आठवणीनं विचारा.