“सर्वदा आनंद करा” म्हणतात, पण मला आनंद होतच नाही, माझा विश्वास कमी आहे का?

आमच्या ख्रिस्ती लोकांत हा प्रश्न मला खूपदा विचारतात, आणि विचारणारी बहुतेक वेळा घरात आजारी माणसाचं करणारी बाई असते. नगरकडच्या एका ताईंचं सांगते, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. सासूबाईंना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), नवरा शिफ्ट ड्युटीवर, आणि सासूबाई, म्हणजे आई, रात्रभर एकच विचारणार, “घरी कधी जायचं?” एका रात्री ताई त्यांच्यावर जोरात ओरडल्या आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडल्या. रविवारी चर्चमध्ये कुणी कसं काय विचारलं की “प्रभूची कृपा” म्हणून हसायचं. मला म्हणाल्या, “ताई, पौल लिहितो प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, माझा तर धीरपण संपलाय, देव रागावला असेल का हो?”

मी आधी त्यांना पोटभर बोलू दिलं. मग म्हटलं, ते एकच वचन धरून बसू नका, बायबलमधलं पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेलं अख्खं पत्र वाचा, चारच अध्याय आहेत. ते लिहिताना पौल कैदेत होता, आणि दुसऱ्या अध्यायात त्याचा सोबती एपफ्रदीत मरता मरता वाचला तेव्हा पौल सरळ लिहितो की देवाने माझ्यावरही दया केली, नाहीतर दुःखावर दुःख झालं असतं. म्हणजे आनंद करा म्हणणाऱ्याच्याच पत्रात दुःख आहे, काळजी आहे, त्याने काही लपवलेलं नाही. आणि धीराचं म्हणाल तर याकोब आपल्या पत्रात धीरासाठी ज्या ईयोबाचं नाव घेतो त्याने ईयोबाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात स्वतःच्या जन्मदिवसाला शाप दिलाय! ताई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, हे कुणी सांगितलंच नाही.

मला खरंच वाईट वाटतं, कॅलेंडरवर रोमकरांस १२:१२ छापतात, “संकटात धीर धरा”, पण तीनच वचनं खाली रडणाऱ्यांबरोबर रडा लिहिलंय ते कुणी छापत नाही.

फिलिप्पैकरांच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल त्यांची मदत घेतो आणि माझ्या संकटात वाटेकरी झालात हे चांगलं केलंत म्हणतो. ताईंनी कुणाला मागितलंच नव्हतं. मग पुण्याच्या दिरांना फोन केला, ते आधी “बघतो” म्हणाले, पण आता जाऊबाई एक शनिवार सोडून एक येतात, त्या रात्री ताई झोपतात. आईंना “हेच घर आहे” म्हणून वाद घालायचा नाही, “तिकडे कोण कोण असतं आई?” विचारायचं, मग त्या माहेरची विहीर सांगत बसतात. राग अगदीच आला तर आई पडणार नाहीत एवढं बघून दोन मिनिटं ओट्यावर यायचं आणि स्तोत्र १३ म्हणायचं, देवा हे कुठवर, तीपण प्रार्थनाच आहे.

आईंचा आजार काही बरा होणारा नाही, ताई अजूनही कधीतरी चिडतात. पण महिला मंडळात एकदा “नाही, बरं चाललेलं नाही” म्हणाल्या आणि दोघीजणी दुपारी येऊन बसायला लागल्या.

तुमचंही असंच असेल आणि झोपच लागत नसेल, जगणंच नको वाटत असेल तर नुसत्या प्रार्थनेवर थांबू नका, डॉक्टरांकडे जा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे. गोळी घेतली म्हणून विश्वास कमी होत नाही, पौलानेच आपला तरुण सोबती तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलंय.