पूर्वसंचित, पाप आणि सोमवारची मुदत

प्रश्न : मी ३५ वर्षांची असून पुण्यात धायरीला राहते. लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिले. रक्ताच्या चाचणीत धोका जास्त दिसला म्हणून गर्भजल तपासणी केली आणि गेल्या आठवड्यात बाळाला डाऊन सिंड्रोम असल्याचा अहवाल आला. आता अठरा आठवडे पूर्ण झाले आहेत. डॉक्टरांनी उभ्या उभ्या सांगितले, "सोमवारपर्यंत काय ते कळवा." सासरी तीन पिढ्यांची वारी आहे, मीही एकादशी करते. सासूबाईंच्या मते हे कुणाचे तरी पूर्वसंचित आहे. गर्भ पाडणे मला पाप वाटते. पण असे मूल जाणूनबुजून जन्माला घालणे हेही पापच नाही का, असे रात्री वाटू लागते. यजमान म्हणतात, "तू ठरवशील ते." मी काय करू? – एक वाचक, धायरी

उत्तर : आधी तो सोमवार बाजूला ठेवू या, कारण ती मुदत कायद्याने घातलेली नाही. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते आणि गर्भात दोष आढळल्यास चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत घेऊन निर्णय घेता येतो. त्यापुढे वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. जितका उशीर तितका शरीराला त्रास अधिक, म्हणून विषय लांबणीवर टाकू नका. पण विचार करायला चार दिवस नव्हे, दोन-तीन आठवडे तुमच्या हाती आहेत, आणि हे तुम्हाला खुर्चीवर बसवून सांगायला हवे होते.

या आठवड्यांत दोन गोष्टी करून घ्या. पहिली म्हणजे बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, जिला फीटल एको म्हणतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो. त्यातले बरेच शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात, काही अवघड असतात, आणि आपल्या बाळाचे यातले काय आहे हे समजल्याशिवाय तुम्ही ज्याला 'असे मूल' म्हणता ते मूल कसे असेल याची कल्पना अपुरीच राहते. दुसरी म्हणजे जनुकीय समुपदेशकाची भेट. तुमच्या अहवालात बहुधा ४७ हा आकडा छापलेला असेल आणि लिंग कळेल अशी अक्षरे कायद्यामुळे झाकलेली असतील. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. इथे एकविसाव्या क्रमांकाचे एक जास्तीचे आले आहे. शंभरातल्या सुमारे ९५ वेळा याचे कारण पेशीविभाजनातली चूक हेच असते, आणि ती बहुतेकदा बीजांड तयार होतानाच घडते. आईच्या वयाबरोबर तिची शक्यता वाढते. पस्तिशीत ती साधारण साडेतीनशेत एक असते. काही थोड्या घरांत मात्र गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जोडलेला असतो, तेव्हा आईवडिलांचे रक्तही तपासतात. तुमचा प्रकार कोणता, हे विचारून घ्या.

आता पूर्वसंचित. सासूबाईंचा मी उपमर्द करणार नाही. संकटाला कारण सापडले की माणसाला थोडे हायसे वाटते, मग ते कारण ग्रहणात भाजी चिरल्याचे का असेना. पण तुमच्या घरच्या वारीला धरूनच त्यांना एक विचारता येईल. आळंदीच्या ज्या माउलींची पालखी दर वर्षी पुण्यात मुक्कामाला येते, त्या माउलींना आणि त्यांच्या भावंडांना 'संन्याशाची पोरे' म्हणून वाळीत टाकले होते आणि त्यांच्याकडून शुद्धिपत्र मागितले होते. जन्मावरून लेकरांना दोषी ठरवणाऱ्यांची बाजू वारकऱ्याने कधी घेतली? पेशीतली चूक तुमच्या खात्यावर पाप म्हणून मांडायला मला तरी या परंपरेत आधार दिसत नाही.

निर्णयाचे काय, तर तो मी देणार नाही. गर्भ पाडणे पाप आहे असे श्रद्धेने मानणाऱ्या बाईला 'तसे काही नसते' म्हणणे उद्धटपणाचे आहे, आणि मूल ठेवलेच पाहिजे असे म्हणणाऱ्यांपैकी रात्री त्याला उचलून घ्यायला कोणी येणार नसते. आपल्या विश्वासातल्या कीर्तनकारांशी जरूर बोला. त्यांनी तुमचे म्हणणे ऐकण्याआधीच उत्तर दिले, तर मात्र उठून या.

पुढचे आयुष्य कसे असते याबद्दल गुळमुळीत लिहिणार नाही. भवानी पेठेत पालखीच्या मुक्कामाला मी एका घरी गेले होते. तिथला सव्वीस वर्षांचा, डाऊन सिंड्रोम असलेला मुलगा दारात वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू वाटत होता. दहापर्यंत मोजायचा, पुन्हा एकपासून सुरू करायचा, आणि प्रत्येकाच्या पाया पडल्याशिवाय लाडू सोडायचा नाही. रांग अडली तरी कुणी कुरकुरले नाही. मी भारावून त्याच्या आईकडे पाहिले, तर त्या म्हणाल्या, "पहिली तीन वर्षे मी नुसती रडत होते, हेही लिहा." आठव्या महिन्यात हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तो चालला अडीच वर्षांनी, थायरॉईडची गोळी रोजची. आज त्यांना एकच काळजी आहे : आमच्यामागे कोण?

तो प्रश्न खराच आहे, कारण ही मुले आता पुष्कळ जगतात. अमेरिकेत त्यांचे सरासरी आयुर्मान १९८३ मध्ये २५ वर्षे होते, ते आज साठीच्या घरात आहे. आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीमार्फत पालक नेमता येतो, आणि त्याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. एवढ्याने काळजी मिटत नाही, पण कुठे जायचे हे तरी कळते. शक्य झाल्यास गोखलेनगरच्या 'कामायनी'सारख्या विशेष शाळेत परवानगी घेऊन एक सकाळ बसून या, आणि तिथल्या पालकांना पैशांपासून भावंडांपर्यंत सगळे विचारा.

राहता राहिले यजमान. कायद्याने संमती फक्त तुमची लागते आणि ते योग्यच आहे. पण 'तू ठरवशील ते' या वाक्यात मोकळीक कमी आणि अंग काढून घेणे जास्त आहे, कदाचित भीतीपोटी. मूल ठेवले तर रात्रीची जागरणे दोघांची, नाही ठेवले तर दुःखही दोघांचे, आणि ते 'गर्भ आपोआप पडला' अशा खोट्याखाली एकटीने पुरून ठेवायचे नाही. फीटल एकोच्या दिवशी त्यांना रजा घ्यायला सांगा; पडद्यावरचे ते हृदय त्यांनीही पाहू दे, आणि डॉक्टरांना पहिला प्रश्न त्यांनी विचारू दे.