स्टीफन फ्रायबद्दल लिहिताना

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

ब्रिटिश नट आणि लेखक स्टीफन फ्राय याच्यावरच्या लेखाचा तुझा खर्डा सावकाश वाचला. सोबतच्या पत्रात तू विचारलंस, की या माणसाबद्दल एवढी टोकाची मतं असताना खरं कुणाचं मानायचं. एकांच्या मते यंत्रांवर इतकं जीव लावून बोलणारा नट ब्रिटनमध्ये दुसरा नाही. दुसऱ्यांच्या मते तो ॲपलचा भाट आहे: भाषा गोड, ज्ञान वरवरचं. खर्ड्यात तू दोन्ही गट समोरासमोर बसवलेस आणि स्वतः मध्ये उभं राहिलास. त्यानं कुणी दुखावणार नाही हे खरं, पण वाचकाच्या हातीही काही लागत नाही.

माझा आग्रह असा, की माणूस कसा आहे हा प्रश्न आधी बाजूला ठेव. तो कधी, कशाबद्दल, कुठल्या अधिकारानं बोलला, हे एकेक विधान घेऊन तपास. त्याची काही विधानं भक्कम निघतील, काही पोकळ, आणि लेख त्यातूनच उभा राहील.

सुरुवात त्याच्या हक्काच्या जागेपासून कर. तो अभियंता नाही, तसा आव त्यानं आणल्याचं मला आढळलेलं नाही. तो वापरणारा आहे, आणि फार जुना. ब्रिटनमध्ये ॲपलचा पहिला मॅकिन्टॉश संगणक लेखक डग्लस ॲडम्सनं घेतला आणि दुसरा आपण, असं तो सांगत आलाय. (खर्ड्यात तू हे सिद्ध झाल्यासारखं दिलंस, तिथे ‘त्याच्या सांगण्यानुसार’ एवढं घालच.) 2007 मध्ये ‘गार्डियन’मध्ये त्याचं उपकरणांवरचं सदर सुरू झालं. 2008 मध्ये ब्लॅकबेरी स्टॉर्म आला तेव्हा त्यानं त्या फोनचे वाभाडे काढले. त्या फोनचा अख्खा पडदाच बटणासारखा दाबला जायचा, प्रत्येक अक्षराला पडदा खाली खचायचा. रोज ढीगभर लिहिणाऱ्या माणसाच्या बोटांना हे लगेच कळतं, आणि अशा बाबतीत त्याची साक्ष मी बिनदिक्कत मानेन. त्याला निव्वळ ॲपलचा भाट म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: 2010 मध्ये विंडोज फोन 7 लंडनमध्ये सादर झाला, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या मंचावर उभं राहून त्या फोनचं कौतुक करणारा हाच होता.

आता खरा गुंता. तू तो चार ओळींत उरकलास, लेखाचा जीव मात्र तिथेच आहे.

मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कुणालाही उघडून पाहता आणि बदलता येतील असे प्रोग्रॅम, यांचा आग्रह धरणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी अशाच प्रोग्रॅमच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा 1983 मध्ये केली. 2008 मध्ये त्याला 25 वर्षं झाली, तेव्हा स्टॉलमन यांच्याच फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं काढलेल्या छोट्या शुभेच्छापटात कॅमेऱ्यासमोर बसला होता फ्राय. मुक्त सॉफ्टवेअर समजावताना त्यानं घरातल्या नळांचा दाखला दिला. नळकाम येवो न येवो, आपल्या घरातले पाइप उघडून दुरुस्त करायला कुणाची परवानगी लागत नाही. मग संगणकातल्या प्रोग्रॅमलाच का लागावी? मुक्त सॉफ्टवेअरची बाजू इतक्या सोप्या शब्दांत मांडलेली मी फारशी ऐकलेली नाही.

आणि तरीही त्याच्या खिशात आयफोन होता. ज्यावर कोणतं ॲप चढवायचं, हे त्या काळात ॲपलचं दुकान ठरवायचं. जानेवारी 2010 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आयपॅड जाहीर झाला, तेव्हा याच फाउंडेशननं त्यातल्या डिजिटल कुलपांविरुद्ध निदर्शनं केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘टाइम’मध्ये फ्रायचा आयपॅडवरचा लेख आला, त्यासाठी तो स्टीव्ह जॉब्सना भेटला होता. त्या लेखात तो पुरता हरखलेला आहे.

इथे टीकाकार म्हणतात, ढोंगी. चाहते म्हणतात, मोकळ्या मनाचा. मला दोन्ही निवाडे घाईचे वाटतात. ढोंगी माणूस एक बोलतो आणि दुसरं लपवून करतो. फ्रायनं काहीच लपवलं नाही, दोन्ही गोष्टी चारचौघांत केल्या. पण म्हणून त्याला मोकळं सोडू नकोस. वस्तू सुंदर आहे आणि ती वस्तू तिच्या मालकाच्या ताब्यात नाही, या दोन गोष्टी एकत्र ठेवून त्यातून काय निघतं, हे त्यानं सांगायला हवं होतं. ज्याला नळांचं उदाहरण सुचलं, त्याला आयपॅडबद्दल तोच प्रश्न पडायला हरकत नव्हती. त्याच्यावर माझा आक्षेप आहे तो एवढाच, आणि मला तो गंभीर वाटतो, कारण त्याच्या शब्दावर विसंबून ही यंत्रं घेणारी माणसं पुष्कळ होती.

स्वभावाचा भाग मात्र खर्ड्यात फार पसरलाय. 2009 मध्ये कुणी त्याचे ट्वीट कंटाळवाणे म्हटले, तेव्हा त्यानं ट्विटर सोडायची भाषा केली आणि लगेच माफी मागून परतला. 2016 मध्ये बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्कारांच्या सोहळ्यात वेशभूषाकार मैत्रिणीवर केलेल्या विनोदावरून गदारोळ झाला, तेव्हा पुन्हा गेला, काही महिन्यांनी पुन्हा आला. 2022 मध्ये मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर तो मॅस्टोडॉन या तशाच दुसऱ्या समाजमाध्यमावर गेला. या ये-जा वरून ‘हळवा’, ‘नाटकी’ असली विशेषणं तू वापरलीस, ती काढून टाक. आपल्याला बायपोलर विकार आहे, हे तो 2006 च्या बीबीसीवरच्या माहितीपटात उघड बोललाय, आणि 2011 पासून ‘माइंड’ या मानसिक आरोग्याच्या संस्थेचा अध्यक्ष होता. आजारी माणसावर टीका करू नये असं मी म्हणत नाही. पण त्याच्या चढउतारांवरून त्याची मतं मोजली, तर मतांना उत्तर द्यायचं राहूनच जातं.

त्यापेक्षा त्या खटल्याला जागा दे. 2010 मध्ये एका तरुणानं वैतागून, विमानतळ उडवून देईन असं गमतीत ट्वीट केलं आणि त्याला दंड झाला. फ्रायनं दंड आणि वकिलांचा खर्च भरायची तयारी दाखवली, जाहीरपणे त्याच्या बाजूनं उभा राहिला. 2012 मध्ये उच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली. इथे नुसती शेरेबाजी नव्हती, पदरचे पैसे घालायची तयारी होती. अशा विधानाचं वजन वेगळं धरावं लागतं.

शेवटी, 2023 चा प्रसंग तू गाळलास, तो घे. लंडनच्या कॉगएक्स या तंत्रज्ञान महोत्सवात त्यानं एका ऐतिहासिक माहितीपटातलं निवेदन ऐकवलं. आवाज हुबेहूब त्याचा, पण त्यातला एक शब्दही त्यानं बोललेला नव्हता. त्यानं वाचलेल्या हॅरी पॉटरच्या ध्वनिपुस्तकांवरून कृत्रिम बुद्धिमत्तेनं तो आवाज घडवला होता. यंत्रप्रेमी आता यंत्रांवर उलटला, असं अनेकांनी म्हटलं. मला तसं वाटत नाही. त्याची तक्रार यंत्राबद्दल नव्हतीच, आपल्या आवाजावर ताबा कुणाचा याबद्दल होती. हा प्रश्न 2010 मध्ये आयपॅड हातात घेताना त्यानं विचारला नव्हता, आणि आता विचारला तो स्वतःवर वेळ आल्यावर. हे लिही. त्याच्या चाहत्यांना ते झोंबेल, टीकाकारांनाही पुरतं आवडणार नाही, म्हणून कचरू नकोस. पुढचा खर्डा तयार झाला की पाठव, मी वाट पाहतोय.

तुझा,
एक जुना वाचक